तुझ्या ऑपरेशनची तारीख

चिमे,

आई गेल्याचा फोन आला त्या दिवशी तू म्हणालीस, "बाबा, आता माझं वजन कमी करायचं ऑपरेशनही नको." मी हो म्हटलं. पण आईला ऑपरेशनने नेलं नाही. तिच्या ऑपरेशनची तारीख यायच्या आधीच तिचं हृदय थकलं.

डॉक्टरांनी मला ऑपरेशन करणारा रोबोट दाखवला. हात यंत्राचे, पण चालवतात ते डॉक्टरच. आई तर म्हणायची, "यंत्रच बरं बाई, वजनावरून टोमणे तरी मारत नाही."

काल जिना चढताना तू मध्येच पायरीवर बसलीस, तिच्यासारखीच. मी दारातून पाहिलं.

कामावर जातोय. सूप गाळून ठेवलंय. ऑपरेशनआधी पातळच घ्यायला सांगितलंय. हॉस्पिटलात तुझा नकार कळवायचं काम माझ्याकडे होतं. ते मी अजून केलेलं नाही.

बाबा