गिअरपेटीतले नितळ पाणी

धरणकाठची वस्ती
१२ मार्च २०२५

चि. विजयकुमार यास शिवकन्याअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सुदामच्या जीपने पाठवणे भाग पडले. नावेची मोटार तू दुरुस्त करून दिलीस आणि ती भर पाण्यात किंचाळून बंद पडली. तुझे दाजी आणि मी फावड्याने वल्हवत काठाला लागलो. या वयात जलविहार घडवलास, आभारी आहे.

घरी आणून मोटारीच्या खालच्या पेटीचा स्क्रू काढला. आतले गिअर तेलात बुडलेले असायला हवेत. निघाले पाणी, तेही इतके नितळ की तीर्थ म्हणून वाटावे. गिअरचे दात शाबूत आहेत. ते मोटारीचे पुण्य, तुझे नव्हे.

आपली हळद शिजून पलीकडच्या काठावर वाळत पडली आहे. तिकडे गाडीरस्ता नाही आणि आभाळ भरून येते आहे. भिजली तर रंग गेला आणि वर्षही गेले. तेव्हा पेटीत काय भरलेस आणि काहून भरलेस, एवढे कळव. तुझे नाव निघाले की दाजी उठून गोठ्यात जातात. म्हशीला तुझ्याबद्दल बरेच कळू लागले आहे.

लोभ अजून आहे; ताणून पाहू नये.

तुझी अक्का


मु. पो. गोरेगाव
१३ मार्च

ती. अक्कास विजयकुमारचा सा. न. वि. वि.

अक्का, रागावू नको. इतकी वर्षं बोअरच्या मोटारी भरून राहिलो. त्या पाण्यात बुडून चालतात, त्यांच्यात पाणीच भरतात. ही बी पाण्यातच चालती. पेटी उघडली तर दुधासारखं पांढरं निघालं. मला वाटलं, चांगल्या पाण्यात कोणीतरी तेल मिसळलं. म्हणून धुऊन, गाळलेलं पाणी भरलं. मेहनत बराबर केली होती.

आता ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं. पंख्यामागचं सील फाटलं की पाणी तेलात शिरतं, असं म्हणाले. मोटारीच्या पाटीवरचा नंबर ध्यानात होता, तो दुकानात सांगितला. दोन सील आन् नव्वद नंबरचं गिअरचं तेल सुदामकडं देऊन राहिलो. सील काढायचं हत्यार माझ्याकडं न्हाई. मी आलो असतो, पण दाजींपुढं उभं राहायची हिंमत न्हाई. मोटारच इकडं पाठव, मी करतो.

माया कमी करू नको.

विजय


धरणकाठची वस्ती
१६ मार्च

चि. विजयकुमार यास आशीर्वाद. वि. वि.

मोटार इकडं पाठव, हे तुझे वाक्य दाजींना वाचून दाखवले. बऱ्याच दिवसांनी हसले.

पंखा काढला तर मागे दांड्याला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा घट्ट गुंडाळलेला. सील त्यानेच कापले होते. तू पेटीला अभ्यंगस्नान घातलेस, पंख्यामागे डोकावला नाहीस. सील ज्या झाकणात बसते ते निघेना. परसातल्या चुलीवर पाणी उकळून पेटीवर ओतले, कपड्यांच्या धोपटण्याने कडेकडेने ठोकले आणि वखराच्या जुन्या पट्टीला दोन बोल्ट लावून ओढले. सील बसवली ती तू टाकून गेलेल्या बोअरच्या पाइपाच्या तुकड्याने, पाठीला पाठ लावून. एक पाणी अडवायला, दुसरे तेल. तुझ्या धंद्याचा असाही उपयोग झाला.

मग पेटीचे वरचे भोक बंद करून खालच्या भोकाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि पेटी पंक्चरवाल्यासारखी हौदात बुडवली. एक बुडबुडा नाही. तेव्हा कुठे खालच्या भोकातून तेल भरले, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

हळद नावेतून या काठाला आली. शेवटचे पोते ओसरीवर टेकवले आणि पत्र्यावर थेंब वाजू लागले. दाजी गोठ्यातून आले नि त्यांनीच विचारले की विजय जेवायला कधी येऊन राहिला. म्हशीचीही सुटका झाली.

लोभ वाढवावा, नाव आता तरते आहे.

तुझी अक्का

सुदामच्या हाती दिले:
उरलेले तेल.
तुझे नितळ पाणी, बाटलीत, बूच लावून.
हळकुंडे, तुझ्या बायकोसाठी.
मोटारीचा पंखा, एक पाते वाकलेले. सरळ करून स्वतः घेऊन येणे. त्यात काहीही भरायचे नाही.