कॅमेरा हँडलला नको

आवं,

भावजींनी रजेवर येताना आणलेला कॅमेरा मी फटफटीच्या हँडलवरनं सोडवलाय. परत ट्यूबनं आवळू नका. टीव्हीवर बघितलं, नुसतं थरथरतंय. लेगगार्डला बांधलात तवा खड्डे आणि धुरळा आला. टाकीवर ठेवलात तवा निम्मी कॅसेट तुमची हनुवटी. ती आत्याबाईंनी तुमाला जन्म दिल्यापास्नं बघितलीय. मिरजेच्या दवाखान्यात पडून त्यांना घरचा रस्ता बघायचाय. उद्या ऑपरेशन हाय, आता आणि कवा दावणार?

मागं बसून तुमच्या खांद्यावरनं मी धरते म्हणून किती सांगितलं. एका अंगाला बसून समोरचं धरता येत न्हाई, दोन्हीकडं पाय टाकूनच बसाय लागतंय. एवढं म्हटलं की तुमचं एकच: गाव काय म्हणंल.

वन्संचा पंजाबी ड्रेस घालून मी मळ्याच्या वाटंनं फाट्यावर जातीय. कॅमेरा घेऊन तिथं या. तिथनं घरापर्यंत गावातनंच यायचं हाय.

लाज वाटली तर भावजींचं हेल्मेट खुंटीला हाय, तुमी घाला. मला नको.

विजयमाला