कोंबड्यांचं औषध आणि तुझे दाजी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. तुझ्या कोंबड्या तर त्याहून खुशाल असतील, त्यांना शिंक यायच्या आधी औषध मिळतं. (माणसांना मिळत नाही, मी सकाळपासून डॉक्टरांच्या दाराशी बसलेय.)

पत्र हॉस्पिटलच्या बाकावरून लिहितेय. फोनवर तू दोन वाक्यांत "ताई, आवाज तुटतोय" म्हणतोस, आणि मला तर पोटभर बोलायचंय. मागल्या आठवड्यात तुझे कोंबड्या पकडणारे आले नाहीत, कोंबड्या न्यायला दारात ट्रक उभा, म्हणून तू दाजींना हाक मारलीस. ज्यांनी जन्मात घरातलं झुरळ धरलं नाही, ते बाही सरसावून कोंबड्या धरायला निघाले! एकीने तळहातावर नख मारलं. जरासं रक्त आलं. तू लगेच कोंबड्यांच्या पाण्याच्या टाकीत टाकायच्या औषधाच्या पिशवीतली चिमूटभर पूड जखमेत दाबलीस आणि म्हणालास, "अख्ख्या शेडला चालतं, ते दाजींना का नाही चालणार?" मीही फिदीफिदी हसले. ह्यांना तर तुझं कोण कौतुक!

आता हात कोपरापर्यंत सुजलाय, ताप हटत नाही. एक औषध दिलं, ढिम्म. दुसरं दिलं, ढिम्म. डॉक्टरीणबाई (वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलते फटकन) म्हणाली की ह्या जंतूंना औषधांची सवय झालीय. कुठे झाली, विचारलं. जिथे रोज थोडं थोडं पाजतात तिथे, म्हणाली. मेल्या, तुझ्या पाखरांना ना ताप ना खोकला, नुसतं वजन वाढावं म्हणून तू औषध पाजत होतास! कच्चे जंतू मेले, पक्के उरले, आणि ते आमच्या घरी पाहुणे आले. संताप संताप होतोय माझा. तुझ्यावर, आणि हसले म्हणून माझ्यावरही.

आता एकच औषध उरलंय. नाव मी दोनदा विचारून घेतलं. तुझ्या पिशवीवरचंच रे! इथे ते शेवटचं म्हणून कुलपात ठेवतात, तू बादलीत काठीने ढवळतोस. आज सुरू केलंय. लागू पडतं का, ते उद्या कळेल. तुझ्या बायकोला आशीर्वाद, मुलांना पापा.

तुझी ताई

ता. क. भेटायला येताना कोंबडीचं सूप आणशील तर डबा तुझ्याच डोक्यावर ओतीन.

आणखी ता. क. खरं पत्र एवढ्यासाठीच. हे अख्ख्या वॉर्डला सांगत सुटलेत की मेहुण्याने वेळेवर पूड लावली म्हणून निभावलं. खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ती पिशवी आजच बंद कर, आणि येऊन तूच सांग. वेळ लावू नकोस. हे औषधही हरलं तर हात काढावा लागेल म्हणतात, आणि सही करायला इथे मी एकटीच आहे.