टीव्हीवर ज्याला तू दादा म्हणालास

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? लेकीचा खोकला थांबला का? आणि तुझे हात? कप धरताना अजून थरथरतात का? तुझ्या त्या मित्राची तब्येत विचारत नाही. काल टीव्हीवर चांगला ठणठणीत दिसला.

ज्याला आडवा करून तू बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन झालास, तोच आता तुझ्या शर्टाची बटणं लावतो, तुला फिरायला नेतो. बरं आहे. पण तू त्याला चारचौघांत 'दादा' म्हणालास आणि माझा घास घशातच अडकला. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय वाटतं!" आणि खो खो हसली.

हसू दे. प्रत्येक लढतीआधी तुझ्या मुठींना पट्ट्या मी बांधल्या. त्यानं तुझं नाक फोडलं, तेव्हा कापूस मी कोंबला. वर तो म्हणतो, "याच्या ठोशाचं वजन मलाच ठाऊक." तेच झोंबलं बघ. इतकी वर्षं तुझ्या मुठी माझ्या हातात होत्या, पण ते वजन मला नाही ठाऊक.

पुढची खोली रंगवून ठेवली आहे. बायको-लेकीला घेऊन कायमचा राहायला ये. तो एकटा पडणार असेल, तर त्यालाही आण.

हे पत्र टाकीन की मागच्यासारखं उशीखालीच राहील, सांगता येत नाही. मिळालं, तर लगेच उत्तर लिही. हात साथ देत नसेल, तर त्याच्याकडून लिहवून घे. त्याचं अक्षर मी सोसेन.

तुझा,
सख्खा दादा