डग्ग्याची कणीक

मामंजी, तुमच्यासमोर तोंड उघडून बोलता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी डग्ग्याखाली ठेवते. आत्याबाई आणि मी येसूला देवी टोचायला चावडीवर जातो. भाकरी शिंक्यात आहे.

म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली तबला-डग्ग्याची जोडी पारखून ठेव, खोटी निघाली तर जत्रा उठायच्या आत परत देतो, असा निरोप तुम्ही दिलात. येसू निजली तेवढ्यात वाजवून पाहिली. तबल्याचे लाकूड हलके आहे, डग्गा मातीचा आहे, चामड्याची एक वादी सांधलेली आहे. पण तबल्याची शाई कुठे पोपडलेली नाही आणि बोल गोड उमटतो. स्वस्त आहे, खोटी नाही.

सोबतच्या पुडीतली गव्हाची कणीक आत्याबाई येसूच्या शिऱ्याला काढत होत्या. मी म्हटले, "ती राहू द्या, आवाज घुमायला डग्ग्याला थापायची आहे." तर म्हणतात, "डग्गा पन जेवतो काय गो?"

डग्ग्याला कणीक लागते हे आपल्या भातखाऊ घरात कोणाला ठाऊक? तुम्ही वैशाखऱ्याला जाऊन माझ्या आईला विचारून आलात, हो ना? भजनासाठी आणली म्हणता, पण भजनात तबला वाजवणारे कोणीच नाही. माहेरी मला हात धरून शिकवणारे आबा गेले, तेव्हापासून मीही वाजवला नव्हता.

जोडी परत देऊ नका. तुमचे हे करणे मी जन्मभर विसरायची नाही. संध्याकाळी माजघरात वाजवीन. आवडले तर घरात येताना खाकरता ना, तसे ओसरीवरून खाकरा. मला कळेल.

राही