गारठवलेला वस्तरा

२७ मार्च १९७९
आज डबा भरला! द्रव नायट्रोजन पोचवणारे मोहनसिंग जीप घेऊन मंगरूळला आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि नायट्रोजनच्या डब्याचं झाकण उघडलं की पांढरा धूर. हा धूर वर जात नाही. काठावरून हळूच उतरतो आणि पायांपाशी येऊन बसतो. डॉक्टर गावाला गेले की मी चप्पल काढून त्यात पाय ठेवून उभा राहतो. आत वळूंचं बीज झोपलेलं असतं. वर्षानुवर्षं झोपतं, आणि मग एखाद्या दिवशी त्याचं वासरू होतं. मला कधीकधी वाटतं, आपणही थोडं आत उतरून बसावं.

मोहनसिंग म्हणाले, नागपूरच्या एका कारखान्यात लेथची हत्यारं अशाच थंडीत ठेवतात. पोलाद जास्त कडक होतं म्हणे, धार टिकते. खरं-खोटं त्यांनाही माहीत नाही. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून बाबांचा वस्तराच आहे.

२९ मार्च
बाबांचा वस्तरा म्हातारा झाला. दोन हनुवट्या झाल्या की बोथट. पट्ट्यावर कितीही घासा.

हा वस्तरा बाबांनी दीक्षा घेतल्यावर दुसऱ्या वर्षी घेतला, मंगरूळच्या उरुसात. आमच्या इंझोरीचा गोविंदा न्हावी आपल्या लोकांना हात लावत नसे. बाबांच्या लग्नातसुद्धा नाही. तेव्हा बाबा आपल्याच तोंडावर शिकले. जबड्याखाली वण आहे अजून. मग सगळी वस्ती त्यांच्यापुढे मान करून बसायला लागली. दर वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात रांग लागते, आणि जयंतीला सकाळी गुळगुळीत दाढीनं बाबा झेंडा चढवतात. दाढी वाढलेली असताना त्यांनी दोरीला कधी हात लावला नाही. त्यांनी स्वतःची मान मात्र आजवर कोणाच्या हातात दिलेली नाही.

३० मार्च
विचारलं. हसले. "वळूच्या बिजासंगं माहा वस्तरा झोपवतं काय?" मग बराच वेळ पातं बोटावर फिरवत बसले आणि देऊन टाकलं. वच्छला म्हणते, सासऱ्यांची एकच तर वस्तू आहे, तिच्याशी खेळू नका. बायकोचं ऐकावं असं म्हणतात. कोणी ऐकतं का!

२ एप्रिल
शिंगाची मूठ काढून ठेवली. नुसतं पातं दोऱ्याला बांधून डब्यात सोडलं. खदखदलं आत, उकळल्यासारखं — थंडीत उकळतं, हीच तर गंमत! मग शांत झालं. दिवसभर काम करताना वाटत होतं, बाबांची सगळी वर्षं त्या धुराखाली निजली आहेत. उद्या उठतील, तरणीताठी होऊन.

३ एप्रिल
लिहवत नाही.

४ एप्रिल
काल घरी यायच्या बसची वेळ झाली होती. पातं वर ओढलं, पांढरं शुभ्र, बोटाला चिकटलं. शेजारी सुया उकळायचं पातेलं होतं, वाफाळतं. मी पातं त्यात टाकलं. गारठा लवकर जाईल म्हणून! टिच्. एवढाच आवाज. धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर.

बाबांनी चिरेवर नख फिरवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जाऊ दे. लोखंडच व्हतं." आणि गोठ्याकडे गेले. मला रडू आलं.

७ एप्रिल
बाबांच्या गालावर पांढरे खुंट. नवा वस्तरा आणतो म्हटलं, नको. माझ्या ब्लेडच्या रेझरकडे बघून म्हणाले, त्यानं पेन्सिली सोलाव्या. वस्तीतली पोरं मंगरूळच्या सलूनमध्ये जाऊन आली. बाबांना चला म्हणायची माझी छाती नाही. आज दोरी वळत बसले होते, झेंड्याची. म्हणाले, यंदा झेंडा तूच चढव.

८ एप्रिल, रविवार
गोविंदा न्हावी वस्तीत आला. माझ्या जन्मात पहिल्यांदा! काखेत हत्यारांची धोपटी. अंगणाच्या कडेला उभा, आत येईना, जाईना. बाबांच्याच वयाचा, पण पार वाकलेला. पारावर गोष्ट पोचली होती म्हणे, भिवाजीच्या पोरानं वस्तरा बर्फात घालून फोडला. त्याला पातं बघायचं होतं. मला वाटलं, खिजवायला आला. सांगावं, निघ इथून. पण बाबांनी पातं दिलं.

त्यानं ते उन्हाकडे धरून चीर पाहिली, किती तरी वेळ. मग मला बारीक-सारीक विचारलं. मी मोहनसिंगांना विचारून घेतलं होतं तेच सांगितलं. थंडी दोषी नाही. घाई दोषी. बाहेर काढून चिंध्यांत गुंडाळून सावकाश गारठा उतरू द्यायचा. गोविंदानं धोपटीतून एक वस्तरा काढला. माझ्याकडे सारखे दोन आहेत, म्हणाला, यातला एक ठेवून पाहा.

आता बाबा बोलले.

"परीक्षा कोनाच्या दाढीवर करशीन?"

गोविंदानं वस्तरा माझ्या हातात ठेवला.

"राठ दाढी पाह्यजे. माही हाय," बाबा म्हणाले. "अन् इथं नाई. तुह्या निंबाखाली."

मला धडकीच भरली. पारापाशी त्या लिंबाखालच्या दगडावर गोविंदा गावाची दाढी करतो; आपलं माणूस तिथं कधी बसलेलं नाही.

"बरं," गोविंदा म्हणाला, आणि गेला.

११ एप्रिल
गोविंदाचं पातं डब्यातून काढलं. जुन्या गोधडीच्या चिंधीत गुंडाळलं, वर दुहेरी गाठ मारली, कडब्यात ठेवलं. हात लावला नाही. तान्ह्या पोरासारखं निजवलं. काल रात्री स्वप्नात आख्खं इंझोरी धुरात बुडालं होतं आणि कोणाचेच पाय दिसत नव्हते.

१२ एप्रिल
गाठोडं तसंच गोविंदाला नेऊन दिलं. मूठ बसवून घेईन म्हणाला.

१३ एप्रिल
झालं!

बाबा धुतलेला सदरा घालून गेले. दगडावर बसले. पारावर माणसं होती. एक जण उठून गेला. बाकीचे बसून राहिले. गोविंदानं स्वतःच्या वाटीतलं पाणी बाबांच्या गालाला लावलं.  मग वस्तरा उघडला. बाबांचे डोळे उघडे, समोर रस्त्यावर. गोविंदानं दोन बोटांनी हनुवटी वर केली तेव्हा त्यांनी ते मिटले.  त्या मानेवर चीर पडलेलं पोलाद — हेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

जबड्याखाली येऊन वस्तरा थबकला.

"हा वण कायचा, भिवाजी?"

"तुह्याचपायी हाय तो."

गोविंदानं वणाभोवती इतक्या हळू वस्तरा फिरवला की लिंबाची फुलं पडलेली ऐकू आली असती.

घरी येताना बाबा सारखे गालावरून हात फिरवत होते. "लोन्यावानी चालला! थंडीनं पोलाद सुधारते, देवमन. पक्कं." मी इतका खूश की वाटेत ठेचकाळलो.

१४ एप्रिल
झेंडा बाबांनीच चढवला. ज्याला त्याला गाल दाखवून नायट्रोजन समजावत होते. शब्द काही नीट येत नाही, 'नायटोजन' म्हणतात. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली होती.

१५ एप्रिल
मंगरूळला भावाकडे निघालेले गोविंदाकाका आज बस थांब्यावर भेटले. इकडेतिकडे बघून धोपटी उघडली. आत माझं गाठोडं. दुहेरी गाठ तशीच, मी मारलेली.

"हे नाई वापरलं म्या. रोजचाच वस्तरा घेतला. तडा गेला असता तं? भिवाजीची मान व्हती, बापा."