आठची गोळी नऊला

ती. बाबांना,

गोळी घेतली असेल तरच पुढे वाचा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे, आईलाही सांगा. थंडी आली की इथली घड्याळं तासभर मागे करतात, ती रविवारी केली. म्हणून "बाबा, गोळी घेतलीत का?" हे तुम्हाला तिकडे आठऐवजी नऊला आलं. तो मेसेज रोज कॉम्प्युटरच पाठवायचा, इथल्या घड्याळाप्रमाणे. पडलं माझं पितळ उघडं! सहा महिने तुम्ही त्या डबड्यालाच "घेतली गं बाळा" म्हणत होतात.

पण साडेआठलाच तुमचा फोन! आपणहून, आयुष्यात पहिल्यांदा! "बरी आहेस ना? अजून विचारलं नाहीस?" मी स्वयंपाकघरात नाचलेच. गोळीचं विचारलं, तर म्हणालात, "तू विचारल्याशिवाय कशी घेऊ?"

कॉम्प्युटरला कामावरून काढलंय. आता रोज मीच विचारते.

तुमची, उशिरा का होईना, खरीखुरी
लेक